मधला माणूस कुठे गेला?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हिवाळा लागला की गावोगावी मराठी साहित्य संमेलनांचे मांडव उभे राहतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, तिकडे कारदगा. सीमाप्रश्न, शेती, मराठी शाळा या नेहमीच्या विषयांबरोबर अलीकडे एक भांडणही मांडवात शिरले आहे: ब्लॉग लिहिणारे विरुद्ध वर्तमानपत्रांत सदर लिहिणारे. सदरवाले म्हणतात, ब्लॉगला ना संपादक ना जबाबदारी, मनात आले ते लिहून मोकळे. ब्लॉगवाले म्हणतात, सदरवाला जाहिरातदाराच्या दावणीला बांधलेला असतो, त्याला खरे लिहिताच येत नाही. टाळ्या दोघांनाही मिळतात. पण मलप्रभेचे किती पाणी कुठे जाणार किंवा बायपासमध्ये किती शेत गेले, एवढे साधे जाणून घ्यायला बसलेला श्रोता रिकाम्या हाताने घरी जातो.

मजकूर कागदावर छापला की पडद्यावर, मानधन घेऊन लिहिला की पदरमोड करून, यावरून त्याची किंमत ठरू नये. लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मध्ये बसून ‘हे कशावरून?’ असे विचारणारा एक माणूस होता का, यावरून ती ठरावी. ब्लॉगला हा माणूस कधी मिळालाच नाही. वर्तमानपत्रांकडे तो होता, त्यांनी तो हळूहळू घालवला. सीमाभागात सरकारी कागद कन्नडमध्ये असतो आणि वाचक मराठीत वाचतो. म्हणून आपल्याला त्याची गरज पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे.

फोनवरून पुढे ढकललेल्या निनावी मजकुराला ब्लॉग म्हणून वाद घालणे हा पहिला घोटाळा. ब्लॉगला ठरलेला पत्ता असतो, लिहिल्याची तारीख असते, मागचे लेख एकाखाली एक दिसतात, काल काय म्हटले होते ते आज काढून दाखवता येते. भिंतीवर रात्रीत चिकटवलेले पत्रक आणि सहीनिशी चालवलेले नियतकालिक यांत जो फरक, तोच इथे आहे. ब्लॉगलेखकाला पत्रक चिकटवणाऱ्याच्या पापाची शिक्षा देऊ नये.

आता वर्तमानपत्राच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे. १८६७ च्या कायद्याने अंकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे सक्तीचे केले, पुढे संपादकाचेही आले. म्हणजे दावा लावायचा तर दार कोणते ठोठवायचे हे वाचकाला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. खटला झाला तर संस्था वकील देते, धमकी आली तर लेखक एकटा पडत नाही. ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या फायली तीस वर्षांनीही उघडता येतात. ब्लॉग मात्र मालकाने जागेचे पैसे भरले नाहीत किंवा तो गेला आणि परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला की पुसला जातो. शिवाय बेळगावात एक ऋण वेगळेच आहे. १९१९ साली बाबुराव ठाकुरांनी इथे ‘तरुण भारत’ सुरू केला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि कचेरीतून मराठी हटत गेली, तेव्हा रोज सकाळी उंबऱ्यावर पडणारी चार पाने ही सामान्य माणसाची मराठीची शाळा होती. हे विसरून कुणी ‘पेपरवाले संपले’ म्हणत असेल तर ते कृतघ्नपणाचे आहे.

पण या सगळ्यावरून सदर जबाबदारीने छापले जाते असे सिद्ध होते का? सदर छापून येते कसे ते पाहावे. सदरलेखक सहसा वर्तमानपत्राचा नोकर नसतोच. तो प्राध्यापक, डॉक्टर, वकील, निवृत्त अधिकारी असतो आणि लेखामागे मानधन घेतो. पूर्वी त्याचा मजकूर उपसंपादक वाचायचा, मग मुद्रितशोधक, मग संपादकीय पान पाहणारा. मुद्रितशोधकाचे पद बहुतेक ठिकाणी बंद झाले. उपसंपादकाकडे चार तालुक्यांच्या बातम्या, पुरवणी आणि संकेतस्थळ असे तिहेरी काम आले. मजकूर ईमेलने युनिकोडमध्ये येतो आणि पान लावणाऱ्या यंत्रातला जुना फॉन्ट वेगळा असेल तर रूपांतर करावे लागते. त्यात रफार सरकतो, ‘ऱ्य’ फुटतो, कधी आकडाच बदलतो. संध्याकाळी उशिरा जाहिरात आली की आठशे शब्दांचे सदर सहाशेवर येते, आणि कात्री लागते ती शेवटच्या परिच्छेदाला. लेखकाने आपली ‘मात्र’, ‘परंतु’, ‘अद्याप स्पष्ट नाही’ ही वाक्ये नेमकी तिथेच ठेवलेली असतात. सकाळी वाचकाच्या हाती येते ते विधान लेखकाने केले होते त्यापेक्षा ठाम असते. यात लबाडी कुणाचीच नसते. ज्याने थांबवायचे त्याला वाचायला वेळच उरलेला नसतो.

नाव छापले, छापखाना आपला, हेतू शुद्ध, तरी मधली तपासणी चुकली तर काय होते, हे आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरने दाखवले आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघून जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याच्या संतापात या दोन्ही पत्रांनी कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला. त्याचा आधार होती ती बर्व्यांची म्हणून दाखवलेली पत्रे, आणि ती बनावट निघाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो आणि ती त्यागाची आहेच. पण संपादकाच्या टेबलाजवळून पाहिले तर तिचा दुसरा अर्थही आहे. महाराष्ट्रातल्या दोन तल्लख माणसांनाही कागद हातात आल्यावर ‘हे अक्षर त्याचेच कशावरून?’ असे विचारणारा तिसरा माणूस हवा होता. त्यांच्यापेक्षा आपण हुशार आहोत, असे आज कोणता सदरलेखक किंवा ब्लॉगलेखक म्हणू शकेल?

ब्लॉगवाल्यांचा लाडका दाखला विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. १८७४ साली सरकारी शाळेत शिकवणाऱ्या एका माणसाने ‘निबंधमाला’ काढली आणि तिचे ८४ अंक जवळपास एकट्याने लिहिले. ना संपादक मंडळ, ना शब्दमर्यादा. आजच्या भाषेत तो ब्लॉगच होता. मराठी गद्याला त्यातून जो कणा मिळाला तो कोणत्याही पगारी कचेरीतून मिळाला नसता. दाखला रास्त आहे, पण तो पुरा वाचावा. त्याच मालेत जोतीराव फुले यांच्या लेखनाची त्यांच्या व्याकरणावरून टवाळी झाली. शेतकऱ्यांबद्दल, शूद्रांच्या शिक्षणाबद्दल फुले काय सांगत होते, तो मुद्दा बाजूलाच राहिला. मध्ये एखादा वाचणारा असता तर त्याने ‘शास्त्रीबुवा, शुद्धलेखन राहू द्या, म्हणण्याला उत्तर कुठे आहे?’ असे विचारले असते. एकट्याने लिहिण्याचे तेज आणि एकट्याने लिहिण्याचा आंधळेपणा, दोन्ही एकाच मालेत सापडतात.

आता आपल्या मातीतली उदाहरणे. कर्नाटकातल्या आरटीसीवर, म्हणजे आपण उतारा म्हणतो त्यावर, क्षेत्र एकर-गुंठे-आणे असे लिहिलेले असते. ‘२-२०’ म्हणजे २ एकर २० गुंठे, सरळ अडीच एकर, १०० गुंठे. संगणकावर उतरवताना मधली रेघ टिंब होते आणि ‘२.२०’ दिसते. घाईत लिहिणारा ते दशांशातले २.२ एकर समजतो. ४० गुंठ्यांचा एकर धरला तर हे ८८ गुंठे झाले. शेतकऱ्याचे १२ गुंठे वाक्यातच गेले. महाराष्ट्राचा सातबारा वाचायची सवय असलेल्याला तोच आकडा हेक्टर-आर वाटतो आणि मग तो जवळजवळ साडेपाच एकर होतो. हलगा-मच्छे बायपाससारख्या भूसंपादनाच्या वादात, जिथे गुंठ्यागुंठ्यावर मोबदला ठरतो, एकाच उताऱ्याचे तीन अर्थ तीन लेखांतून फिरू लागले तर शेतकऱ्याच्या बाजूने लिहिलेला लेखही सरकारी वकिलाच्या हाती कोलीत देतो. ही चूक पकडायला मोठे पांडित्य नको. उतारा कन्नडमध्ये वाचता येणारा आणि लेख छापण्यापूर्वी मिळालेला एक माणूस पुरे.

म्हादई नदीच्या पाण्याचेही तसेच. पाणीवाटपाच्या लवादाच्या १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यानंतर ‘कर्नाटकाला १३.४२ टीएमसी’ (म्हणजे अब्ज घनफूट) हा आकडा सगळीकडे झळकला. गोव्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांना ती लूट वाटली, इकडच्यांना विजय. पण त्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहेत. खोऱ्याबाहेर मलप्रभेत वळवायचे पाणी ३.९ टीएमसी: कळसा नाल्याचे १.७२ आणि भांडुरा नाल्याचे २.१८. उरलेले दीड टीएमसी खोऱ्यातल्याच वापरासाठी. ‘वळवणार’ हे क्रियापद १३.४२ ला लावणे आणि ३.९ ला लावणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कणकुंबी आणि नेरसे यांच्या रानात राहणाऱ्याला हा फरक लगेच कळतो, कारण कोणता ओहोळ अडवला जाणार हे तो पायी चालून सांगू शकतो. म्हणूनच खानापूरच्या जंगलाबद्दल दूरच्या शहरात बसून सदर लिहिणाऱ्यापेक्षा इथला ब्लॉगलेखक मला जास्त मोलाचा वाटतो. मात्र तोच लेखक पावसाळ्यात क्युसेक आणि टीएमसी यांची गल्लत करतो. क्युसेक हा वाहण्याचा वेग, टीएमसी हा साठा. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो. ‘दीड लाख क्युसेक पाणी धरणात आहे’ असे वाक्य लिहिणाऱ्याने ना विसर्ग सांगितला ना साठा, आणि कृष्णाकाठच्या चिकोडी-अथणीतला माणूस त्या वाक्यावर जनावरे हलवायची की नाही हे ठरवतो.

नावांचेही नुकसान होते. कन्नड कागद इंग्रजीतून मराठीत येतो तेव्हा अथणीची ‘अठाणी’ होते, येळ्ळूरचे ‘यल्लूर’. क्षुल्लक वाटते, पण गावाचे नाव चुकवणाऱ्याचा पुढचा आकडा गावकरी मानत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. उलट ब्लॉगवर कधीकधी ‘काय करूलालास’ अशी अस्सल बेळगावी बोली भेटते. वर्तमानपत्राच्या शुद्ध मराठीत तिला जागाच मिळाली नव्हती. ही भर ब्लॉगच्या खात्यात मोकळ्या मनाने जमा करावी.

टोपणनावाचा आक्षेप सदरवाले फार जोराने मांडतात: तोंड लपवून लिहिणाऱ्यावर विश्वास का ठेवावा? तर मग लोकहितवादींवर का ठेवला? गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी टोपणनावाने १०८ पत्रे लिहिली. आजही सरकारी शाळेतल्या शिक्षकाला, कचेरीतल्या कारकुनाला सेवानियम आडवे येतात. भाषेचा प्रश्न तापलेल्या जिल्ह्यात मराठी कर्मचाऱ्याला त्याची धास्ती अधिक. फरक एवढाच की लोकहितवादी वाचकाला अनोळखी होते, पण पत्र छापणारा भाऊ महाजन मध्ये उभा होता. टोपणनाव चालेल. लेखकाचे खरे नाव कुणा एकालाही माहीत नसणे चालणार नाही.

इथे या लेखाच्या म्हणण्यावरचा सगळ्यांत अवघड आक्षेप येतो. ज्याला मधला माणूस म्हणून गौरवता, त्यानेच इतकी वर्षे दार अडवले नाही का? अडवले. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे सर्वश्रुत आहे. ‘केसरी’चे पहिले संपादक असलेल्या आगरकरांनाही सामाजिक सुधारणेचे म्हणणे मांडायला तिथून बाहेर पडून १८८८ साली ‘सुधारक’ काढावा लागला. आपल्याकडेही सीमाप्रश्नाच्या सावलीत किती विषय वाळले? महाराष्ट्र एकीकरण समितीतली गटबाजी, पतसंस्थांचा कारभार, विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी, मराठी शाळांतला घटता पट. यांवर लिहिले की ‘आत्ता नको, शत्रूला बळ मिळते’ असे ऐकवले जाते. त्यातून वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पानभर जाहिराती, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि निवडणुकीचे दिवस यांचे ओझे संपादकाच्या खांद्यावर असते. कर्नाटकातच कन्नड लेखक पी. लंकेश यांनी १९८० साली जाहिराती न घेता ‘लंकेश पत्रिके’ हे साप्ताहिक चालवून दाखवले, म्हणजे ओझे उतरवता येते. पण ते सोसायची तयारी फार थोड्यांची.

तेव्हा ब्लॉगवाल्यांची तक्रार खरी आहे. फक्त त्यात दोन वेगळी कामे एक झाली आहेत. कुणाला आत घ्यायचे हे ठरवणारा एक, आणि आत आलेल्याला ‘पुरावा दाखव’ म्हणणारा दुसरा. वर्तमानपत्रात ही दोन्ही कामे एकाच खुर्चीत बसत, म्हणून दारवानाचा राग तपासणाऱ्यावर निघाला. ब्लॉगने दारवानाला घालवले, ते फार चांगले झाले. त्याच झटक्यात तपासणाराही गेला, आणि त्याची जागा भरायचे कुणाच्या मनात आले नाही.

चूक सुधारण्याची रीतही दोन्हीकडे वाईट आहे. वर्तमानपत्र दोन दिवसांनी आतल्या पानावर एका स्तंभात ‘खुलासा’ छापते. त्यात मूळ चूक काय होती हेच नसते. ब्लॉगलेखक रात्रीत शब्द बदलतो आणि काही झालेच नाही असे चालू ठेवतो. ज्याने सकाळी जुना मजकूर उतरवून घेतला तो खोटा पडतो. लेखाच्या माथ्यावर चुकीचे वाक्य, बरोबर वाक्य आणि दुरुस्तीची तारीख-वेळ लिहायला पाच मिनिटे लागतात. ब्लॉगच्या बाबतीत हे जास्तच निकडीचे आहे. वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्या बहुधा पानांची चित्रे असतात आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधयंत्राला दिसत नाही. कळसा-भांडुरा शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिल्यांदा येतो तो युनिकोडमधला ब्लॉग. पुढच्या दहा प्रबंधांचा आधार तोच होणार असतो, चुकीसकट.

कायदा तरी ब्लॉगलेखकाला सूट देतो का? मुळीच नाही. बदनामीचे कलम, आता भारतीय न्याय संहितेचे ३५६, छापील आणि पडद्यावरचा असा भेद करत नाही. विधान सत्य आहे एवढे सांगून भागत नाही, ते लोकहितासाठी केले हेही दाखवावे लागते. आपल्या जिल्ह्यात त्याहून जवळचे कलम १९६: भाषेच्या आधारावर गटांत वैर वाढवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास लिहिताना ‘सरकारने परवानगी नाकारली’ आणि ‘कन्नडिगांनी रोखले’ या दोन वाक्यांतले अंतर लेखकाला दिसत नसेल, तर ते दाखवणारा कुणीतरी आधी हवा. नंतर ते दाखवायला पोलीस येतात.

म्हणून ग्रामीण संमेलनांच्या परिसंवादांनी हा सामना बंद करून एक काम हाती घ्यावे. आपल्याकडे मराठी माध्यमात शिकलेल्या पिढ्यांना शाळेत कन्नड शिकावे लागले. त्याची तक्रार आपण बरीच केली. पण कन्नड राजपत्र वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगू शकणारे तरुण त्यामुळेच आज गावोगाव आहेत, आणि असे मनुष्यबळ पुण्याच्या कोणत्याही संपादकीय विभागाकडे नाही. ब्लॉगलेखकांनी लेख टाकण्यापूर्वी एक दिवस तो अशा एकाला वाचायला द्यावा. त्याने नावे कन्नड कागदाशी ताडावीत, प्रत्येक आकड्याचे एकक विचारावे, ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारले का ते पाहावे. कागद नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. इथे बरेच जण मराठीत अर्ज देतात आणि तो अडतो, कारण कायद्याने इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते, म्हणजे आपल्याकडे कन्नड. कर्नाटकाच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांत बसवावा, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. तीस दिवस थांबायची तयारी नसेल तर तो विषय मत म्हणून लिहावा, बातमी म्हणून नको.

वर्तमानपत्रांनी आठवड्यातून एका दिवशी संपादकीय पानावरची एक जागा अशा तपासलेल्या ब्लॉगलेखाला द्यावी, कात्री लावायची तर लेखकाला विचारून लावावी, आणि मानधनाचा वाटा तपासणाऱ्यालाही द्यावा. लेखाखाली दोन नावे यावीत, लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे. लिहिणाऱ्याचे नाव टोपण असले तरी तपासणाऱ्याचे खरे असावे. हलग्याच्या उताऱ्यावरचे २-२० कोणी वाचले, हे मग शेतकऱ्याला त्या ओळीवरून कळेल.